शिशाचं काम आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या

प्रश्न : माझे मिस्टर बारा वर्षं बॅटरी रिपेअरिंगचं काम करतात. शिसं अंगात जातं असं कळल्यापासून रोज व्हिटॅमिन सी घेतात, आता झिंक, सेलेनियम पण चालू करायचं म्हणतायत. घरात तीन वर्षांची मुलगी आहे, तिलाही काही द्यायचं का?

उत्तर : ताई, तुम्ही शेवटी विचारलंत ते मी आधी घेते, कारण मला जास्त काळजी मुलीची वाटतेय. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशातलं साधारण दहा टक्के रक्तात उतरतं, लहान मुलांत हेच निम्म्यापर्यंत जाऊ शकतं आणि तेही मेंदू वाढत असतानाच्या वयात. मिस्टरांच्या कपड्यांवरून, चपलांवरून, केसांतून शिशाची धूळ घरात येते, मुलं जमिनीवर खेळतात आणि हात तोंडात घालतात. म्हणून तिला गोळी नको, आधी रक्तातल्या शिशाची टेस्ट करा, तिची आणि मिस्टरांची, दोघांचीही. आकडा 5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा वर आला तर शिसं कुठून येतंय ते शोधून थांबवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्याखाली आला म्हणजे सेफ असंही नाही, कारण शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाहीये.

आता गोळ्यांचं. लोह कमी असलं की आतडं लोह ओढून घ्यायची वाट जास्त उघडतं आणि त्याच वाटेने शिसंही आत घुसतं, कॅल्शियम कमी असलं तरी शिसं जास्त शोषलं जातं. म्हणजे कमतरता असेल तर ती भरून काढण्याचा फायदा नक्की आहे, पण कमतरता नसताना वर जास्तीचं घेऊन आत साठलेलं शिसं बाहेर पडत नाही, ते हाडांत वर्षानुवर्षं बसून राहतं. व्हिटॅमिन सीबद्दल अभ्यासांचे निकाल एकसारखे नाहीत, आणि दिवसाला 2000 मिलिग्रॅमच्या वर तर घेऊच नये, पोट बिघडतं, मुतखड्याची भीती असते. सेलेनियम तर स्वतःहून नकोच, त्याचा डोस थोडा जास्त झाला तरी केस गळतात, नखं खराब होतात.

अजून एक, हिमोग्लोबिन कमी आलं की लगेच लोहाची गोळी असं करू नका हं, शिसं स्वतःच हिमोग्लोबिन बनण्यात अडथळा आणतं, त्यामुळे फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ताची टेस्ट, पण बघायला सांगा. आणि डिटॉक्सच्या नावाखाली विकतात ते काही घेऊ नका. शिसं बाहेर काढायची खरी औषधं आहेत, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच देतात, मुलांत रक्तातल्या शिशाचा आकडा साधारण 45 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या पुढे गेला तर.

मिस्टरांना सांगा, कामावरच अंघोळ करून कपडे, चपला बदलून या, ते कपडे वेगळे धुवा, घरात झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसा, कामाच्या जागी हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका, सिगारेट ओढत असतील तर ती बंद, तिच्यात कॅडमियम हा दुसरा विषारी धातूही असतो. आणि डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्याच तर मुलीच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा, चुकून जास्त गिळल्या तर लहान मुलाच्या जिवावर बेततं.