सिमँटिक वेबचा प्रकल्प घ्यावा का? भांडुपच्या एका आईला उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

आपण महापालिकेच्या रुग्णालयात परिचारिका आहात आणि आपली मुलगी टीवाय बीएस्सी आयटीला आहे. तिच्या प्राध्यापिकांनी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी ‘रुग्णालयांमधील सामायिक डेटा आणि सिमँटिक वेब’ हा विषय सुचवला आणि तिला तो मनापासून आवडला. मात्र सॉफ्टवेअर कंपनीत असलेल्या आपल्या भाच्याने ‘हे पंचवीस वर्षांपूर्वीचे खूळ आहे, सरळ एआय शीक’ असे सांगितल्यापासून घरात दोन तट पडले आहेत, असे आपण लिहिता. या विषयात नोकरी आहे का, त्यासाठी परदेशी शिक्षणाचे कर्ज काढावे का, आणि वॉर्डातले जुने केसपेपर तिला प्रकल्पासाठी दाखवले तर चालेल का, असे आपले तीन प्रश्न आहेत.

तिसऱ्याचे उत्तर आधी देते, कारण ते तातडीचे आहे. केसपेपर दाखवू नका. नाव खोडले तरी वय, राहण्याचे ठिकाण आणि आजार यांवरून माणूस ओळखू येतो. शिवाय २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने कागदावरून संगणकात उतरवलेली माहितीही आपल्या कक्षेत घेतली आहे. आपल्या नोकरीला आणि रुग्णांच्या विश्वासाला धक्का लावून प्रकल्प करण्याची गरजही नाही, कारण ‘सिंथिया’ नावाचे मोफत सॉफ्टवेअर काल्पनिक रुग्णांच्या संपूर्ण नोंदी तयार करून देते आणि विद्यार्थ्याला तेवढ्या पुरतात.

आता मूळ विषय. तो आपल्याला परका वाटत असला तरी त्यातली अडचण आपण रोज हाताळता. एखादा रुग्ण दुसऱ्या रुग्णालयातून पाठवला जातो. त्याच्या एका कागदावर ‘केसीओ डीएम’ (मधुमेह असल्याचे आधीच माहीत) असते, दुसऱ्यावर ‘टी२डीएम’ (दुसऱ्या प्रकारचा मधुमेह), आणि नातेवाईक सांगतात की ‘यांना शुगर आहे’. एका प्रयोगशाळेच्या अहवालात उपाशीपोटीची साखर १२६ असते, तर परदेशातून आलेल्या रुग्णाच्या अहवालात ती ७ असते. आपण एकक पाहता आणि ओळखता की दोन्ही आकडे एकच गोष्ट सांगतात; पहिला मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहे, दुसरा मिलिमोल प्रति लिटरमध्ये, आणि साखरेच्या बाबतीत १ मिलिमोल प्रति लिटर म्हणजे सुमारे १८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. संगणकाला हे कोणी सांगितलेले नसेल, तर तो १२६ आणि ७ यांची सरासरी काढून मोकळा होतो.

सिमँटिक वेब म्हणजे हे ‘सांगणे’ यंत्राला कळेल अशा ठरलेल्या रीतीने लिहून ठेवणे. स्नोमेड सीटी या वैद्यकीय शब्दसंग्रहाचे उदाहरण घ्या. भारत २०१४पासून त्याचा सदस्य आहे आणि त्याचे राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेत आहे. त्यात मधुमेह या संकल्पनेचा क्रमांक ७३२११००९ आहे आणि दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचा ४४०५४००६. नुसते ‘डीएम’ लिहिले असेल तर प्रकार कळत नाही, म्हणून ती नोंद पहिल्या, व्यापक क्रमांकाखाली जाते. ‘टी२डीएम’ दुसऱ्याखाली जाते. आणि दुसरा हा पहिल्याचाच एक प्रकार आहे हे त्या संग्रहात नोंदलेले असल्यामुळे ‘मधुमेहाचे सगळे रुग्ण दाखव’ म्हटल्यावर दोन्ही सापडतात. अशी विधाने मांडण्याच्या पद्धतीला आरडीएफ म्हणतात, संकल्पनांचे नाते तर्काच्या नियमांत बसवणाऱ्या भाषेला आउल, प्रश्न विचारण्याच्या भाषेला स्पार्कल, आणि आलेली नोंद ठरल्या साच्यात बसते की नाही हे तपासणाऱ्या भाषेला शॅकल.

आपल्या भाच्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी दोन सहकाऱ्यांसह २००१मध्ये सिमँटिक वेबचे जे चित्र मांडले होते, ज्यात संगणकीय मदतनीस आपसांत बोलून डॉक्टरांची वेळसुद्धा ठरवतील, ते तसेच्या तसे प्रत्यक्षात आले नाही, आणि जगभरच्या संकेतस्थळांनी आपली माहिती इतक्या शिस्तीने लिहिलीही नाही. पण तंत्र मेले नाही. जिथे त्याची खरी निकड होती तिथे ते जाऊन बसले. २०१२मध्ये सुरू झालेला विकिडेटा हा सर्वांना खुला माहितीसाठा त्याच विचारावर उभा आहे, आणि शोधयंत्रांच्या नॉलेज ग्राफमागेही, म्हणजे गोष्टी आणि त्यांची नाती यांच्या जाळ्यामागेही, तोच विचार आहे. आज त्याची सर्वांत मोठी गरज सामायिक डेटाच्या व्यवस्थांमध्ये आहे, म्हणजे अनेक संस्था आपापला डेटा स्वतःकडेच ठेवतात आणि ठरलेल्या अटींवर एकमेकींना वापरू देतात तिथे. अशा व्यवस्थेत कोणाकडे काय आहे याची सूची डीकॅट या मानकानुसार लिहिता येते आणि कोणी कशासाठी वापरावे याच्या अटी ओडीआरएलमध्ये लिहिता येतात, म्हणजे अटीसुद्धा यंत्राला वाचता येतात. युरोपातील वाहन उद्योगाची कॅटेना-एक्स ही अशीच व्यवस्था आहे; तिकडे १८ फेब्रुवारी २०२७पासून विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट सक्तीचा होणार असल्याने खनिजापासून कारखान्यापर्यंतच्या प्रत्येकाला आपला डेटा इतरांना समजेल असा द्यावा लागेल. आपल्याकडे शहरांच्या डेटाच्या देवाणघेवाणीसाठी आययूडीएक्स हा मंच आहे, आणि २०२१पासून देशभर राबवले जाणारे आयुष्मान भारत डिजिटल मिशन आहे, ज्याचा १४ अंकी आभा क्रमांक आपण रोजच पाहत असाल.

एआय आल्यामुळे हे काम संपले, असे मला वाटत नाही. भाषेचे प्रारूप, म्हणजे एआयमागचे लँग्वेज मॉडेल, ‘शुगर’ म्हणजे मधुमेह असावा असा बहुतेक वेळा बरोबर अंदाज करते, पण औषधाची मात्रा ठरवणाऱ्या नोंदीत ‘बहुतेक वेळा’ चालत नाही. अशा जोडण्यांचा कच्चा खर्डा आता यंत्राकडून करून घेता येतो, हे खरे. तो तपासायला मात्र विषय जाणणारा माणूस लागतोच.

नोकरीबद्दल स्पष्ट सांगते. ‘सिमँटिक वेब’ या नावाने जाहिराती शोधल्यास हाती फारसे लागणार नाही. हे काम डेटा इंजिनियर, नॉलेज ग्राफ, मेटाडेटा (डेटाविषयीची माहिती), डेटा गव्हर्नन्स (डेटाच्या वापराचे नियमन), आरोग्यसेवेत इंटरऑपरेबिलिटी (वेगवेगळ्या यंत्रणांचा मेळ) अशा नावांखाली असते, आणि मुलाखतीत आधी एसक्यूएल ही डेटाबेसची भाषा आणि पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा विचारतात. म्हणून या दोन्हींत तिचा हात साफ असलाच पाहिजे, आणि सिमँटिक वेब ही त्यावरची जोड असावी. तिसरी गोष्ट एखाद्या क्षेत्राची जाण. ती नसलेला उमेदवार साधने शिकतो, पण कोणते दोन शब्द एक आहेत आणि कोणते नाहीत हे त्याला ठरवता येत नाही. आपल्या मुलीला ही जाण घरातच मिळू शकते, आणि तिने हा प्रकल्प घ्यावा असे मी म्हणते ते मुख्यतः याच कारणासाठी.

कर्ज आत्ता काढू नका. दोन वर्षे नोकरी करून तिला याच कामाची गोडी लागली, तर आयर्लंडमधील गॉलवे किंवा जर्मनीतील लाइपझिग येथे या विषयाची जुनी संशोधन परंपरा आहे. त्या वेळी शिष्यवृत्तीसाठी तिच्याजवळ दाखवायला कामही असेल.

प्रकल्प छोटा ठेवावा, आणि शक्य असल्यास मराठीचा करावा. आपल्या ओपीडीत कोणी ‘चक्कर येते’ म्हणते, कोणी ‘घेरी आली’, कोणी ‘भोवळ आली’, कोणी ‘डोळ्यांपुढे अंधारी आली’. यातले एखाद्याला खोली गरगर फिरल्यासारखे वाटत असते, एखादा खरोखर बेशुद्ध पडलेला असतो, आणि वैद्यकीय संग्रहात या वेगवेगळ्या संकल्पना आहेत. शब्दकोशात हे शब्द शेजारी बसतील. पण कोणत्या शब्दानंतर कोणता उलटप्रश्न विचारायचा हे आपल्यासारख्या सिस्टरांना ठाऊक असते. तिने असे चाळीस-पन्नास शब्द आपल्याकडून समजून घ्यावेत, कोणत्याही रुग्णाची माहिती न घेता. ते प्रोटेजे या, संकल्पनांची नाती मांडण्याच्या मोफत साधनात संकल्पनांशी जोडावेत, जिथे एका शब्दाचे दोन अर्थ होतात तिथे तसे नोंदवावे, आणि सिंथियाच्या काल्पनिक नोंदींवर स्पार्कलने प्रश्न विचारून पाहावेत. आयआयटी मुंबईत झालेले मराठी वर्डनेटचे काम तिने आधी अवश्य पाहावे. समानार्थी शब्दांचे गट कसे बांधतात हे तिथे नीट कळते.

पहिल्या तीन आठवड्यांत तिच्याकडे लक्ष ठेवा. ‘घेरी’ आणि ‘भोवळ’ एक मानायचे की दोन, यावर ती जेवतानाही आपल्याशी वाद घालत असेल, तर तिला पुढे जाऊ द्या. हा भाग कंटाळवाणा वाटून ती फक्त प्रोग्रॅम लिहिण्यात रमत असेल, तर प्रकल्प पूर्ण करून तिने डेटा इंजिनियरिंगकडे वळावे. शिकलेले एसक्यूएल आणि पायथन तिथेही कामी येईल. काय दिसले ते मला जरूर कळवा.