पोलीस ठाण्यात माणसं कुठे गेली? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

माझी भाची अमेरिकेत असते. तिथे बजेट कमी पडलं की पोलिसांना घरी पाठवतात म्हणे. मुंबईत तसं होईल का?
— एक वाचक, मुलुंड

तिथे झालंय खरं. न्यू जर्सीतल्या कॅम्डेन शहराने जानेवारी 2011 मध्ये जवळपास निम्मे पोलीस कमी केले, कारण तिथे पगार शहराच्या तिजोरीतून व्हायचा. आपल्याकडे पोलीस हा राज्याचा विषय. मुंबई पोलिसांचा पगार महापालिका नाही, राज्य सरकार देतं. नोकरीत असलेल्या शिपायाला पैसे नाहीत म्हणून काढत नाहीत. कात्री लागते ती न भरलेल्या जागेला. हवालदार 58 व्या वर्षी निवृत्त होतो, त्याच्या जागी कोणी येत नाही. ना मोर्चा, ना बातमी. मला ही कपात जास्त वाईट वाटते.

कोविडमधली भरतीबंदी उठून वर्षं झाली. मग अजून माणसं कमी कशी?
— परळ

4 मे 2020 च्या शासन निर्णयाने, आरोग्यासारखे अपवाद सोडून, नवी भरती थांबवली. त्याच सप्टेंबरात मंत्रिमंडळाने पोलिसांच्या साडेबारा हजारांच्या आसपास जागांना त्यातून सूट दिली. पण मंजुरी मिळाली म्हणजे शिपाई मिळाला असं नसतं. जाहिरात, मैदानी चाचणी, लेखी, वैद्यकीय, चारित्र्य पडताळणी, आणि मग कित्येक महिन्यांचं प्रशिक्षण. तोवर आणखी एक तुकडी निवृत्त होते. म्हणूनच जुलै 2023 मध्ये राज्य सुरक्षा महामंडळाचे 3,000 जवान 11 महिन्यांसाठी मुंबईत घेण्याची वेळ आली. असे जवान गेटवर उभे राहू शकतात, बंदोबस्ताला हात लावू शकतात. गुन्ह्याचा तपास त्यांच्याकडे देता येत नाही.

क्रिकेट सामन्यांच्या बंदोबस्ताचे पैसे पोलिसांनाच मिळतात ना?
— बोरिवली

नाही, ते सरकारी तिजोरीत जातात. आणि 2023 मध्ये मुंबईतल्या टी-ट्वेंटीचा दर 70 लाखांवरून 10 लाखांवर आणला, तोही 2011 पासूनच्या मागच्या तारखेने! भरतीला हात आखडता आणि आयोजकांना सूट, हे मला पटलेलं नाही.

आमच्या बीट चौकीला संध्याकाळी कुलूप असतं. ठाण्यात विचारलं तर म्हणतात, ‘स्टाफ नाही.’ खरं की टोलवाटोलवी?
— कुर्ला

बहुधा खरं. एका पाळीचा हिशोब मांडून बघा. ठाण्यात बसून तक्रारी घेणारा ठाणे अंमलदार हलू शकत नाही. वायरलेसवर एक, लॉकअपला पहारा, आरोपी घेऊन कोर्टात गेलेले दोघे, समन्स बजावायला एक, पासपोर्टच्या पडताळणीला एक. त्यात गणपती आले, मंत्र्यांचा दौरा आला, की उरलेले बंदोबस्ताला. तक्रार घेणं टाळता येत नाही, पहारा टाळता येत नाही. टाळता येते ती गस्त. म्हणून पहिलं कुलूप चौकीला लागतं. आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग 2016 मध्ये देवनार ठाण्यात सुरू झाला. चांगलाच होता, पण दोनाच्या तीन पाळ्या करायच्या तर माणसंही वाढवावी लागतात.

माहितीच्या अधिकारात अर्ज करा, पण नुसती ‘मंजूर पदं किती’ विचारून थांबू नका. हजर किती, आणि त्यातले दुसरीकडे संलग्न किती, हेही विचारा. पगार तुमच्या ठाण्याच्या नावावर निघतो आणि माणूस एखाद्या कार्यालयात बसलेला असतो, हे त्या तिसऱ्या आकड्यातच सापडतं.