तुका म्हणे, की सून म्हणे?

प्रश्न : आषाढी एकादशीला आमच्या सोसायटीत भजन असतं. यंदा सुनेने चॅटबॉटकडून 'तुकोबांच्या शैलीत' एक अभंग करून घेतला. शेवटी 'तुका म्हणे' होतंच. बायकांना आवडला, कुणीतरी व्हॉट्सॲपवर टाकला. काल तोच माझ्या बहिणीकडून मला आला, खाली 'जगद्गुरू तुकाराम महाराज' असं लिहून! बोलावं तर सुनेची फजिती, गप्प बसावं तर मनाला टोचतं. काय करू?
– एक सासूबाई, मिरज

उत्तर : सासूबाई, तुम्ही पाठवलेला अभंग टाळ घेऊन म्हणून पाहिला. पहिल्याच कडव्यात अडखळलो. 'मन माझे चंचल, धावते दिशादिशा, तुजविण शांती नाही, पांडुरंगा.' बोटांवर मोजा : सात, सात, आठ, चार. आता 'सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया' मोजा. सहा, सहा, सहा, चार. शिवाय 'विटेवरी'ला 'कटावरी'चं यमक. तुमच्याकडे 'दिशादिशा'ला 'नाही'! गाथेतही कुठे एखादं अक्षर पुढेमागे होतं, टाळकरी ते सांभाळून घेतात. पण इथे चालच बसत नाही. हे यंत्र मजकूर तुकड्यातुकड्यांनी हाताळतं, अक्षरं मोजताना पुष्कळदा घसरतं. आणि भाषा? तुकोबा देवाशी भांडतात. तुमच्या अभंगातला भक्त बँकेत अर्ज करावा तसा नम्र आहे.

अभंग करवून घेतला यात मला काही वावगं वाटत नाही. माझी तक्रार फक्त मुद्रिकेबद्दल आहे. 'तुका म्हणे' ही सही असते. तुकोबांच्या काळी सालोमालो त्यांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवायचा, त्यावर त्यांनी 'सालोमालो हरिचे दास' म्हणून चांगलंच सुनावलंय. इथे उलटा सालोमालो झालाय : माल आपला, नाव तुकोबांचं. हे जास्त चिवट असतं. संत नामदेवांच्या गाथेत नंतरच्या विष्णुदास नामाची पदं मिसळली, कारण दोघांचीही मुद्रा 'नामा'. ती वेगळी काढताना अभ्यासकांच्या नाकी नऊ आलेत. तिथे निदान दोन्हीकडे माणसं होती.

तेव्हा आजच बहिणीला फोन करा. मग ज्या ग्रुपवरून तो निघाला तिथेच लिहा, 'हा अभंग तुकोबांचा नाही, आमच्या घरी चॅटबॉटकडून करून घेतलाय.' पुढे गेलेले सगळे परत येणार नाहीत, ते सोडून द्या. फजितीचं म्हणाल तर सुनेलाच लिहू द्या. 'गंमत म्हणून केला होता' हे तिच्या तोंडून आलं की कुणी बोट दाखवत नाही.

आणि पुढच्या एकादशीला दोघी मिळून तोच अभंग सहा-सहा-सहा-चारात बसवा. 'तुका म्हणे'च्या जागी 'सून म्हणे' घाला. चार अक्षरंच भरतात, मोजून बघा.