समुद्र आवडतो म्हणजे नेमकं काय आवडतं?

दुबईहून एका ताईंनी लिहिलंय. मुलगा अकरावीत, सीबीएसई, सायन्स. डिसेंबरच्या सुट्टीत गोव्यात मांद्र्याला आजीकडे आला की पहाटे उठून रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढतात त्या मासेमारीला जातो, जाळं ओढायला हात लावतो आणि मग किनाऱ्यावरच बसून कुठला मासा किती आला ते वहीत लिहून ठेवतो, हे त्याला कुणी करायला सांगितलेलं नाही. आता म्हणतो मरीन बायोलॉजी करणार, अमेरिकेत नाहीतर इंग्लंडला. मिस्टरांचं म्हणणं कॉम्प्युटर सायन्स घे, मासे सुट्टीत बघ. रोज जेवताना हाच विषय निघतो. आवडीला किती वजन द्यायचं, असं ताई विचारतात.

ताई, भरपूर द्यायचं. पण आधी ती आवड नेमकी कशाची आहे ते शोधा, कारण कोर्सच्या नावावरून काहीच कळत नाही. दोना पावलाला एनआयओ आहे ना, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, १९६६ पासूनची, तिथे नुसते बायोलॉजीवाले नाहीत, फिजिक्सवाले आहेत, केमिस्ट्रीवाले आहेत, जिऑलॉजीवाले आहेत आणि सगळे समुद्रावरच काम करतात. आपल्याच किनाऱ्याचं उदाहरण घ्या. पावसाळ्यात खालचं थंड पाणी किनाऱ्याकडे वर सरकतं, त्यात ऑक्सिजन कमी असतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला तर फारच कमी होतो. हे पाणी वर का आलं, वारा आणि प्रवाह यांचा काय संबंध, हा फिजिक्सचा प्रश्न. ऑक्सिजन किती उरला आणि कुठे गेला, हा केमिस्ट्रीचा. मासा त्या पाण्यातून कुठे पळतो तो बायोलॉजीचा, आणि तळाच्या गाळात शेकडो वर्षांपूर्वी असंच होत होतं का ते जिऑलॉजीवाले बघतात. पाणी एकच पण मेजर, म्हणजे डिग्रीचे मुख्य विषय, चार, आणि चौघांचा रोजचा दिवस अगदी वेगळा.

म्हणून त्याची ती वही मागून घ्या आणि नीट बघा, मी सांगते ते खरंच करा. तारीख, भरती-ओहोटी, बांगडे किती, तारले किती, गेल्या वर्षीपेक्षा कमी की जास्त असे रकाने पाडले असतील तर त्याला मोजणं आवडतंय, त्यात संख्याशास्त्र आणि इकॉलॉजी बसते. माशाचे पर, खवले, तोंडाचा आकार काढला असेल तर मुलगा खरा बायोलॉजीचा. जाळ्याचे डोळे केवढे, दोर कसा बांधतात असं असेल तर इंजिनियरिंगकडे बघा. आणि वहीत जर रापणकारांचंच बोलणं लिहिलेलं असेल, आता माणसं का मिळत नाहीत, ट्रॉलर आल्यापासून काय झालं, तर इकॉनॉमिक्स किंवा अँथ्रोपॉलॉजी हा विषय तुमच्या घरात अजून कुणी काढलासुद्धा नसेल, तो काढा.

दुसरं म्हणजे कॉलेजचं ब्रोशर बाजूला ठेवा, त्यात डॉल्फिन असतात. ज्या युनिव्हर्सिटीचा विचार आहे तिच्या वेबसाइटवर तिसऱ्या वर्षाचे पेपर काय आहेत ते काढा आणि त्यालाच मोठ्याने वाचायला सांगा. मरीन बायोलॉजीत पहिल्या दोन वर्षांत बहुतेक ठिकाणी केमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स, थोडं कॅल्क्युलस येतंच, पोहणं आणि डायव्हिंग त्यामानाने फार कमी. पाण्यातला ऑक्सिजन कसा मोजतात तेही त्याला सांगा. काचेच्या बाटलीत पाणी भरायचं, एकही बुडबुडा राहता कामा नये, त्यात दोन रसायनं घातली की तपकिरी साका खाली बसतो, ॲसिड घातलं की तो विरघळून पिवळं होतं, मग स्टार्च घालून निळं करायचं आणि वरून आणखी एक रसायन थेंब थेंब सोडत राहायचं तो निळा रंग जाईपर्यंत. ही झाली एक बाटली. बोटीवर अशा बाटल्या रांगेत उभ्या असतात, रात्री-अपरात्रीसुद्धा. हे ऐकून मुलाचे डोळे चमकले तर मिस्टरांना निर्धास्त राहायला सांगा. कंटाळा आला तरी काही बिघडलं नाही, आवड खोटी ठरत नाही, फक्त वाट दुसरी असेल.

आता मिस्टरांचं. त्यांची काळजी अगदी रास्त आहे, गल्फमध्ये राहणाऱ्या माणसाला ठाऊक असतं की तिथे जन्म काढला तरी नोकरी संपली की बहुतेकांचा व्हिसा संपतो, त्यामुळे मुलाच्या हातात कुठेही चालेल असं काहीतरी हवं असं त्यांना वाटणारच. पण त्यासाठी कॉम्प्युटर सायन्सच हवं असं नाही. डी. डी. कोसंबी आपल्या गोव्याचे, १९०७ चा जन्म, हार्वर्डला शिकले, पेशाने गणिती, आणि त्याच गणिताच्या जोरावर त्यांनी तक्षशिलेच्या जुन्या नाण्यांची वजनं तपासून नाणी चलनात किती फिरली असतील याचा हिशोब मांडला आणि पुढे इतिहासात केवढं काम केलं. हातात एक पक्कं हत्यार असलं की आवडीच्या विषयात त्याचा उपयोग होतोच, म्हणून मुलाने मरीन बायोलॉजी घेतली तरी प्रोग्रामिंग आणि स्टॅटिस्टिक्स सोडू नये यावर बाप-लेकाचं एकमत करून टाका. माशांच्या नोंदी वहीतून काढून कॉम्प्युटरवर घालायला आणि आलेख काढायला बाबांनीच शिकवावं, तेवढंच दोघं जेवणाच्या टेबलाबाहेर बोलतील!

देशादेशाचे नियम मात्र लक्षात ठेवा, कारण इथे चुकलं तर नंतर परत फिरणं कठीण. अमेरिकेत बऱ्याच कॉलेजांत मेजर दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ठरवलं तरी चालतं, पण कॉम्प्युटर सायन्स आणि इंजिनियरिंगला अनेक मोठ्या युनिव्हर्सिटीत पहिल्यापासूनच वेगळी ॲडमिशन असते, नंतर आत शिरणं महाकठीण, बाहेर पडून बायोलॉजीला जाणं मात्र त्यामानाने सोपं. शिकून झाल्यावर तिथे कामाला मिळणारे १२ महिने स्टेम, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनियरिंग आणि गणित या विषयांना आणखी २४ महिने वाढवून मिळतात आणि सध्या मरीन बायोलॉजी त्या यादीत आहे, हे मिस्टरांना आवर्जून सांगा. इंग्लंडला उलट, अर्ज करतानाच कोर्स ठरतो, यूकॅसवर, म्हणजे तिथल्या सामाईक अर्जाच्या वेबसाइटवर, जास्तीत जास्त पाच कोर्स टाकता येतात आणि एकदा आत गेल्यावर बदलणं अवघड. मुलाचं अजून नक्की नसेल तर स्कॉटलंड बघा, तिथे डिग्री चार वर्षांची आणि सुरुवातीला दोन-तीन विषय घेऊन बघता येतात.

भारताचा पर्याय टाकून देऊ नका. गल्फमध्ये काम करणाऱ्यांच्या मुलांना एनआयटीत डासा या परदेशात शिकणाऱ्या मुलांसाठीच्या स्कीममध्ये वेगळा कोटा आहे, त्याला जेईई मेनचा रँक लागतो. पण कुंकळ्ळीच्या आपल्या एनआयटीत समुद्राची शाखा नाही, तसं काही हवं असेल तर आयआयटी मद्रासला ओशन इंजिनियरिंग आहे. आणि साधा सरळ रस्ता म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री किंवा झूलॉजीत बीएस्सी करून ताळगाव पठारावर गोवा युनिव्हर्सिटीत मरीन सायन्सचं एमएस्सी. फी परदेशाच्या मानाने किती तरी कमी आणि आजीचं घर तासाभरावर. परदेशी पासपोर्ट आणि त्यासोबत भारताचं ओसीआय कार्ड ज्यांच्याकडे आहे त्यांनी मात्र ४ मार्च २०२१ चं नोटिफिकेशन आधी वाचावं, त्या तारखेनंतर ज्यांना कार्ड मिळालं त्यांना नीटसारख्या परीक्षांतून फक्त एनआरआय आणि जादा जागांवरच ॲडमिशन मिळते. ताई, तुमचा पासपोर्ट भारतीयच असेल तर तुम्हाला हा प्रश्न नाही.

सध्या एकच करा, बारावीपर्यंत त्याचं मॅथ्स सुटू देऊ नका, बायोलॉजी आणि मॅथ्स दोन्ही ठेवायचं म्हणजे ओढाताण होईल पण वर लिहिलेल्या सगळ्या वाटा त्याने उघड्या राहतात. आणि पुढच्या खेपेला मांद्र्याला आलात की एक दिवस काढून बाप-लेक दोघांना समुद्रावर काम करणाऱ्या कुणातरी रिसर्च करणाऱ्या मुला-मुलीला भेटवा, ओळखीतून कुणी ना कुणी निघतंच गोव्यात. मुलाने त्यांना विचारावं की कालचा दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत कसा गेला, आणि पगाराचं, पुढच्या नोकरीचं मिस्टरांनी स्वतः विचारावं, अगदी न लाजता.