यूपीआयवरची चिल्लर आपोआप साठवणारं ॲप घ्यावं का?

घ्या, पण पैसे जातात कुठे ते आधी बघा. वडापावचे १८ रुपये दिले की ॲप ते २० धरतं आणि वरचे २ बाजूला काढतं. खिशाला कळतही नाही. मात्र यातली बरीच ॲप्स ही चिल्लर डिजिटल सोन्यात (ॲपवरून थोडं थोडं घ्यायचं, हातात न येणारं सोनं) घालतात. तिथे ३ टक्के जीएसटी, वर खरेदी-विक्रीच्या भावात फरक. म्हणजे १०० टाकले की सोनं ९७च्या आसपासचं, आणि लगेच विकलं तर हातात त्याहून कमी. शिवाय हे डिजिटल सोनं सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, देखरेखीत येत नाही. नोव्हेंबर २०२५मध्ये सेबीनेच तसं बजावलंय. सवय लागेपर्यंत ठीक, पुढे मी तरी पोस्टाची आरडीच, म्हणजे दरमहा ठराविक रक्कम भरायची ठेव, सांगेन (महिन्याला किमान १००). आणि हो, नुसतं ॲप डिलीट करून भागत नाही, यूपीआयमधला ऑटोपेही (आपोआप पैसे कापायला दिलेली परवानगी) रद्द करा.