वेठीस धरलेली 'वेठ'

विट्याच्या एका शिक्षिकाबाईंचा प्रश्न आहे. विज्ञान प्रदर्शनाच्या तक्त्यावर मुलांनी 'गुलाम मुंग्या' लिहिलं होतं. परीक्षकांनी त्यावर रेघ मारून 'दास मुंग्या' केलं. बरोबर काय?

बाई, दोन्ही चूक. तक्ता ज्या मुंग्यांवर आहे त्या गुलाम नाहीतच, त्या दुसऱ्यांना राबवतात. धनगरालाच मेंढरू म्हणण्यातली गत झाली ही. गुलाम म्हणजे मुळात अरबी 'पोरगा', आपल्या हॉटेलातल्या पोऱ्यासारखा. ते कुठल्याही कोशात मिळेल, सोडून देऊ. आणि दास? सज्जनगडाच्या सावलीत वाढलेल्या आम्हा सातारकरांना दास म्हटलं की समर्थ आठवतात. तो आपखुशीने लावून घेतलेला शब्द आहे. परीक्षकांनी एकदा गड चढून यावं.

इथे हवा तो शब्द म्हणजे वेठ. पण त्याची पेपरवाल्यांनी पार माती केली आहे. 'संपामुळे प्रवासी वेठीस.' अहो, स्टँडच्या बाकड्यावर शेंगा सोलत बसलेला प्रवासी कुणाची कसली वेठ करतोय? त्याची अडवणूक झाली, खोळंबा झाला, फार तर ओलीस धरलं म्हणा. वेठीस धरणं म्हणजे माणूस धरून आणायचा आणि फुकट राबवायचा. साहेबाचा मुक्काम हलला की डोक्यावर बोजा देऊन पुढच्या गावापर्यंत पिटाळायचं आणि हातावर दमडी ठेवायची नाही, ती वेठ.

कराडचे माझे एक निवृत्त प्राध्यापक स्नेही हा शब्द 'वेढणे'शी जोडतात. वेढा घालून माणसं पकडत, म्हणून वेठ! दर दिवाळीला फराळाबरोबर हे ऐकून घ्यावं लागतं. प्राध्यापकमहाशय, मुष्टीची मूठ झाली, दृष्टीची दीठ झाली, तशी विष्टीची वेठ. आणि 'वि'चा 'वे' कसा म्हणाल तर सिंदूरचा शेंदूर आणि बिल्वाचा बेल कसा झाला ते आधी सांगा. विष्टि म्हणजे सक्तीचं बिनमोल काम. कौटिल्याकडे हा शब्द आहे. वाकाटकांच्या ताम्रपटांत दान दिलेल्या गावाला 'सर्वविष्टिपरिहारपरिहृत' म्हटलंय, म्हणजे सगळ्या वेठीतून सुटलेलं. दीड हजार वर्षं झाली त्याला. पुढे फारसी बिगार येऊन तिला चिकटली आणि वेठबिगार झाली, धनदौलत किंवा कागदपत्रासारखी, अर्धी इकडची अर्धी तिकडची. गंमत बघा, आमच्या घराचं काम चालू आहे, तिथे गवंड्याच्या हाताखालचा बिगारी शनिवारी रोख पगार मोजून घेतो आणि वर चहाला मागतो. शब्द फुकटचा होता, माणूस राहिला नाही. छान झालं.

आता माझा लाडका तर्क, हसायचं तर हसा. पंचांगात विष्टी नावाचं करण, म्हणजे अर्ध्या तिथीचा काळ, असतं. तीच ती भद्रा, जिच्यापायी राखीपौर्णिमेला 'कितीपर्यंत आहे हो?' म्हणून फोन येतात. महिन्यात ती आठदा येते आणि तेव्हा शुभकार्य सुरू करत नाहीत. का? मला वाटतं, त्या वेळात केलेलं काम वेठीसारखंच, राबणूक आपली आणि पदरात काही नाही, म्हणून हे नाव. आमच्या आळीतल्या गुरुजींना हे अजिबात मान्य नाही. ते सूर्याची मुलगी, गाढवाचं तोंड असं काही सांगतात. सांगोत बापडे.

हां, मुंग्या. युरोपातल्या एका जातीचं नाव आहे पॉलिअर्गस, ग्रीकमध्ये 'पुष्कळ काम करणारी'. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! हिचे जबडे कोयत्यासारखे, नुसते भोसकायला. वारूळ खणणं, पिलं सांभाळणं तर सोडाच, स्वतःहून धड खाताही येत नाही. जिनिव्हाच्या प्येर ह्यूबेरने अशा तीसेक मुंग्या पिलं आणि मधासकट कोंडून ठेवल्या. दोन दिवसांत निम्म्याअधिक उपाशी मेल्या, शेजारी मध असताना. मग त्याने राबणाऱ्या जातीची एकच मुंगी आत सोडली. तिने उरलेल्यांना भरवलं, पिलं सावरली, घर लावलं. डार्विननेही 1859 मध्ये हे उतरून घेतलं आहे.

ही राबणारी येते कुठून? उन्हाळ्यातल्या दुपारी रांग करून पॉलिअर्गस शेजारच्या वारुळावर धाड घालतात आणि कोश पळवतात. मोठ्या मुंग्या नकोतच त्यांना. त्या कोशातून बाहेर पडलेल्या मुंगीला पहिला वास लागतो तो या घराचा, मग तिला हेच माहेर. पण कामकरी मुंग्यांना पुढे प्रजा नाही, म्हणून धाडी थांबत नाहीत. आपल्या माणदेशात हे शोधू नका. अशा 50च्या आसपास जाती आहेत, पण जवळजवळ सगळ्या उत्तरेकडच्या थंड मुलखातल्या.

प्राध्यापकांचा यावर दुसरा आक्षेप तयारच होता: वेठीला सक्ती कळावी लागते, या मुंगीला कुठे कळते? हा मुद्दा बरा आहे, कबूल. पण उत्तर अमेरिकेत ओकच्या पोकळ फळांत राहणाऱ्या मुंग्यांत धरून आणलेल्या कामकरणी मालकिणींच्याच कोशांतले पुष्कळसे फाडून टाकतात, हे 2009 मध्ये प्रसिद्ध झालंय. कळतं की नाही ते त्यांनाच विचारा. कोणी 'चाच्या मुंग्या', म्हणजे समुद्री लुटारूंसारख्या, म्हणायला सांगतात, अमेरिकेतल्या जोन हर्बर्स यांनी 2007 मध्ये गुलामीची भाषा टाळायला तसंच काहीसं सुचवलं होतं. हेतू चांगला, शब्द तोकडा. चाचा माल लुटून जातो, इथे लुटलेला मालच उद्यापासून चूल पेटवतो.

तर बाई, धाड घालणाऱ्या त्या 'वेठीस धरणाऱ्या मुंग्या' आणि राबणाऱ्या त्या 'वेठ्या'. अजून एक. तक्त्यावर खाली 'अंडी पळवताना' असं लिहिलंय म्हणालात. आपल्याकडे मुंग्या तांदळाएवढे पांढरे दाणे तोंडात धरून पळाल्या की 'अंडी घेऊन चालल्या, पाऊस येणार' म्हणतात, त्यातली ही चूक. अंडी एवढी मोठी नसतात हो. ते कोश किंवा अळ्या. तेवढं खोडून घ्या.