आपल्याला कुणी हाकललं नाही

सोनू,

मंगळवारी तू शाळेतून आलीस, दप्तर सोफ्यावर टाकलंस आणि चपला काढायच्या आधीच विचारलंस, "आई, आपल्याला कुणी हाकललं?" मी कांदा चिरत होते. मला आधी वाटलं, घरमालकाचं काही निघालं. मग तू शाळेचा तो शोराशिमचा कागद पुढे केलास, कुणाची मुळं कुठली आणि इस्राएलला का आले ते लिहायचा. वर्गात सगळ्यांनी भरून आणलाय म्हणालीस. कुणाचे पणजोबा बगदादहून एका बॅगेनिशी निघाले, कुणाचं अख्खं घराणं पोलंडमध्ये संपलं, कुणी मोरोक्कोचे, कुणी रशियाचे. तुझ्या कागदावर 'देश का सोडला' हा रकाना तेवढा कोरा होता. मी म्हटलं, "कुणी नाही गं हाकललं." त्यावर तू जे बोललीस ते अजून टोचतंय. "मग आलात कशाला? तिकडे देऊळ रिकामं टाकून?"

मी कांदा फोडणीला टाकला आणि विषय बदलला. तुझ्या लक्षात आलं असणारच.

म्हणून हे लिहितेय. मराठीत लिहितेय, कारण हिब्रूत मला बँकेशी भांडता येतं, पण रेवदंड्याच्या आबांबद्दल लिहायला घेतलं की अर्ज भरल्यासारखं वाटतं. कुठे अडलं तर आजीला फोन कर. तिलाही तेवढंच बरं वाटेल.

सिनेगॉगला, म्हणजे आपल्या ज्यूंच्या प्रार्थनाघराला, 'देऊळ' म्हणणं तू मागच्या वर्षी पुण्यात उचललंस, आठवतं? मी रिक्षावाल्याला "लाल देऊळ" म्हटलं आणि तू माझ्याकडे अशी बघायला लागलीस की मी धर्म बदलला. अगं, 'ओहेल दाविद' हे त्याचं खरं नाव म्हटलं असतं तर त्याने आपल्याला हडपसरला नेऊन सोडलं असतं. लाल विटा, नव्वद फुटी मनोरा, घड्याळ. डेव्हिड ससूननी १८६३ मध्ये बांधायला घेतलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यात वारले. तू पाहिलीस ती कबर त्यांचीच. आता दारात पोलीस असतो. आमच्या वेळी नुसता एक रखवालदार पेंगत असायचा. पण खरं सांगायचं तर ते देऊळ आमचं नव्हतंच. ते बगदादवाल्या ज्यूंचं, शेटलोकांचं. आपलं म्हणजे रास्ता पेठेतलं सुक्कथ शलोमो, १९२१ चं. चहूबाजूंनी वाडे, मनोरा नाही की घड्याळ नाही.

आणि रेवदंड्याला आबा तर सिनेगॉगला 'मशीद'च म्हणायचे. मुंबईचं मशीद बंदर हे नाव आपल्याच मशिदीवरून पडलं, १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधली तिच्यावरून, असं ते छाती फुगवून सांगत. उपास म्हणजे रोजा. तिशा बेआवचा, म्हणजे जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या शोकाचा, उपास वालाच्या बिरड्याने सुटायचा म्हणून तो 'बिरड्याचा रोजा'. किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस, म्हणजे दारफळणीचा सण, कारण त्या दिवशी दारं लावून घ्यायची. रोश हशाना, आपलं नवं वर्ष, तो नव्याचा, आणि सुक्कोथ, मांडवांचा सण, तो खिरीचा. तुझ्या शिक्षिकेला हे ऐकवलंस तर ती म्हणेल हे कुठले ज्यू. मलाही इथे आल्यावर पहिली दोन वर्षं हे शब्द गिळायची सवय लागली होती. आता नाही गिळत. वय झालं.

रेवदंडा तुला फ्रिजवरच्या फोटोपुरतं माहीत आहे. तू दारात उभी आहेस, कपाळावर आठ्या, कारण किल्लीवाला माणूस येईपर्यंत आपण अर्धा तास उन्हात होतो. माझं रेवदंडं स्वारगेटच्या एसटीपासून सुरू होतं. खोपोलीला वडापाव, पेणपर्यंत मला उलटी, कार्लेखिंड ओलांडली की आईचा चेहरा सैल पडायचा. अलिबागला गाडी बदलायची. मग नागाव, चौल, दोन्ही बाजूंना नारळ-पोफळीच्या वाड्या आणि खिडकीतून आत येणारा तो दमट, गोडसर वास. बेथ एल ही तिथली मशीद १८४२ ची. अलिबागच्या इस्राएल आळीतली, पनवेलची, पेणची, सगळ्या तिच्यानंतरच्या. आबांना याचाही अभिमान. बांधली आपल्या लोकांनीच, पै पै करून.

आपले लोक, बेने इस्राएल, म्हणजे नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून वाचलेली सात जोडपी, हे तुला पाठ आहे. बाकीच्यांना तिथेच पुरलं, बायकांची एक रास, पुरुषांची एक. हिब्रू विसरले, पोथ्या बुडालेल्या, लक्षात राहिलं ते शमा इस्राएल ही प्रार्थना आणि शनिवारची सुटी. धंदा तेलाच्या घाण्याचा. म्हणून गावाने नाव पाडलं शनवार तेली. आबांचे वडील म्हणे यावर हसायचे. ज्या दिवशी सगळ्या गावाला मारुतीला घालायला तेल हवं, नेमका त्याच दिवशी यांचा घाणा बंद! धंद्याची अक्कल बघ. पण दोन हजार वर्षांत कुणी दारावर येऊन "शनिवारी घाणा चालव" असं दटावलं नाही. शुक्रवारी दुपारीच येऊन तेल घेऊन जायचे. झालं.

आबांच्या घरी मासे रोज, पण फक्त पर आणि खवलेवाले. शेजारच्या वाडीतून कोळंबीच्या कालवणाचा वास यायचा आणि मी मे महिन्याच्या सुटीत पडवीत बसून तो वास हुंगायचे. एकदा तिकडच्या काकूंनी मला जेवायला बसवलं आणि मुद्दाम माझ्यापुरती सुरमईची तुकडी वेगळी तळली. मला रडू आलं. मला कोळंबीच हवी होती. हे तुझ्या आजीला अजून माहीत नाही.

तर ती नव्याच्या सणाची सकाळ. मी अकरा वर्षांची. पुण्यात गणपती नुकतेच होऊन गेलेले. शाळेत रजेचा अर्ज दिला तेव्हा बाईंनी विचारलं होतं, "हा तुमचा कुठला सण?" मी म्हटलं, नवं वर्ष. त्या म्हणाल्या, "अरे वा, मग पाडवाच की!" आणि सही केली.

मशिदीत सगळे जमले. तू पाहिलास तोच हॉल. मधे तेवा, म्हणजे वाचायचा चौथरा, पश्चिमेकडच्या भिंतीत हेखाल, म्हणजे पोथीचं कपाट, वरून टांगलेले काचेचे दिवे. हेखालमध्ये सेफर तोरा, आपल्या धर्मग्रंथाची गुंडाळी. ती बाहेर काढून वाचायची तर मिन्यान हवं, दहा पुरुष. आणि त्या दिवशी नऊच होते. दहावे म्हणजे चौलचे एक म्हातारे, दरवर्षी न चुकता यायचे. आबा पांढरा कोट, काळी टोपी घालून फाटकाशी उभे, चौलच्या रस्त्याकडे डोळे. शेजारचे माळीकाका तिथून जात होते. त्यांनी आबांचं तोंड पाहिलं आणि समजले. आबांनी काही सांगितलं नाही, सणाला दुसऱ्याला काम सांगायचं नाही. ते आपणहून सायकलवर टांग टाकून गेले. आम्ही आत वाट बघतोय. बाकांवर कुणी खोकतंय, कुणी जपमाळ असल्यासारखा प्रार्थनेच्या शालीचा, सिसिथचा, गोंडा बोटाला गुंडाळतंय. माळीकाका परत आले ते एकटेच. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. "ताप आहे त्यांना. उठवत नाही," म्हणाले, जणू यांच्यामुळेच ताप आला. मग थोडं थांबून, "आबा, मी बसू काय?"

आबा हसले. "तू बसशील रे. पण वरच्याला गंडवता येत नाही."

तेव्हा मी मागून म्हटलं, "आणि मी?" रास्ता पेठेत दर रविवारी मला हिब्रू शिकवायला एक सर यायचे. मला अख्खं पान अडखळता वाचता यायचं. माझा मामेभाऊ तेरा पूर्ण झालेला, तो नऊंतला एक. त्याला आलेफ-बेथ पुढे सरकत नव्हतं. आम्ही बायका-मुली मोजल्या तर चौदा होतो त्या दिवशी. चौदा! आबा म्हणाले, "पद्धत नाही, बाळ." रागावून नाही. मी आबांची लाडकी होते. पण सेफर आतच राहिली. शोफारचं शिंग तेवढं वाजलं.

बेथ एल रिकामी कशी झाली विचारशील तर ती अशी. बेरजेने. आधी थोरले मामा गेले, मग त्यांनी मेहुण्याला बोलावलं, मग एकीचं लग्न इकडच्या मुलाशी जमलं, तिने आईबापाला. १९५० च्या सुमाराला भारतात आपली माणसं वीस हजारांच्या आसपास होती. आता सगळे ज्यू मिळून चार-पाच हजार उरलेत, त्यातले बरेच मुंबई-ठाण्यात. दहांचे नऊ कधी झाले ते गावाला कळतं, नऊचे चार कधी झाले ते कुणी मोजत नाही. आणि चौदाचा हिशेब तर कधी झालाच नाही. हे मी आबांना कधी बोलले नाही. तुला बोलतेय.

आता आम्ही का आलो. मी तुला सांगू शकते की दोन हजार वर्षं येरुशलाईमची आस होती, आणि ते खोटं नाही. आबा रोज तिकडे तोंड करून प्रार्थना करायचे, आणि समुद्रही तिकडेच होता. पण तुझ्या बाबांच्या भावाचा इथे अश्दोदला तीन खोल्यांचा फ्लॅट होता आणि आम्ही रास्ता पेठेत दोन खोल्यांत सात माणसं, हेही खोटं नाही. लग्नाला स्थळं उरली नव्हती. जो भेटे तो विचारायचा, "तुम्ही कधी जाताय?" जणू गाडी फलाटावर लागलीय आणि आम्हीच उगाच चहा पीत बसलोय. कुणी ढकललं नाही. पण सगळे चढले की आपणही चढतो.

गंमत म्हणजे तुम्ही नक्की कोण, हे आपल्याला पहिल्यांदा कुणी विचारलं असेल तर ते इथे. साठच्या दशकात इथल्या धर्मपीठाला बेने इस्राएलांशी लग्न लावायची शंका होती, मागच्या पिढ्या तपासा म्हणाले. थोरले मामा १९६४ मध्ये जेरुसलेमच्या धरण्यात बसले होते. त्या वर्षी इथल्या संसदेने ठणकावून सांगितलं की हे सर्वार्थाने ज्यूच. मामांनी आबांना पत्रात लिहिलं की रेवदंड्यात कधी जे सिद्ध करावं लागलं नाही ते इथे उन्हात बसून सिद्ध केलं.

पण तिकडचं सगळं गोडच होतं असंही समजू नकोस. आपल्यातच 'गोरे इस्राएल' आणि 'काळे इस्राएल' होते. एकत्र जेवायचं नाही, मुलगी द्यायची नाही. शेजाऱ्यांकडून आपण साडी, मंगळसूत्र, मेंदी घेतली, तशी ही घाणही घेतली. आणि बेथ एलमध्ये त्यांना वेगळं बसवायचे का, असं मी आजीला एकदा विचारलं तर ती म्हणाली, "जुन्या गोष्टी." आजीला हे विचारू नकोस. किंवा विचार. तुला कदाचित उत्तर देईल.

मलिद्याचं राहिलंच. मला माहीत आहे, गेल्या वेळी तुझी मैत्रीण घरी होती आणि मी ताट मांडलं म्हणून तुला लाज वाटली. पोहे भिजवलेले, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, बेदाणे, भोवती पाच फळं, वर गुलाब. एलियाहू हन्नबी या आपल्या प्रेषिताचं नाव घ्यायचं, गाणं म्हणायचं, मग वाटायचं. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर एलियाहू हन्नबीचा टापा, म्हणजे खूण, आहे, तिथून त्यांचा रथ वर गेला म्हणतात. आबांनी मला तो खांद्यावर बसवून दाखवला होता. मला तो खड्डा वाटला. मी तसं म्हटलं नाही.

तू करावंस असं माझं म्हणणं नाही. खरंच नाही. फक्त कागदावर 'कारण माहीत नाही' असं लिहू नकोस. 'कुणी हाकललं नाही' असं लिही, दोन ओळींची जागा आहे, मावेल. आणि आडनाव लिहिताना शेवटचा 'कर' गाळू नकोस. विमानतळावरच्या बाईने गाळला होता, तो परत मिळवायला बाबांना तीन खेपा घालाव्या लागल्या.

शुक्रवारी पोहे चार वाजता भिजवणार आहे. अभ्यास असेल तर राहू दे, नसेल तर खोबरं खवायला ये. नारळ दोन आणून ठेवलेत. इथला एक तरी खवट निघतोच.

आई